खंड्या निघाला जर्मनीला : गुहागर ते फ्रँकफर्ट, किनाऱ्याकिनाऱ्याने

बुधवार : गुहागर, दाभोळ, आंजर्ले

गुहागरहून मुंबईला जायचा सरळ रस्ता सगळ्यांना माहीत आहे. चिपळूण गाठायचं, मुंबई-गोवा महामार्गाला लागायचं, परशुराम घाट आणि कशेडीचा बोगदा पार केला की पुढे नुसतं चालत राहायचं. आम्ही तो रस्ता सोडून खाड्या ओलांडत, फेरीबोटींतून जायचं ठरवलं. ते खंड्यासाठी.

खंड्या आमचा गावठी कुत्रा. तांबूस रंग, एक कान कायम दुमडलेला, वजन १८ किलो. बायको स्टुटगार्टला एका रुग्णालयात नर्स आहे. तिला जाऊन वर्ष उलटलं. आता मी, लेक आणि खंड्या कायमचे तिच्याकडे निघालो आहोत. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण नऊ तास त्याला विमानाच्या पोटात, क्रेटमध्ये, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्यात, बंद राहायचं आहे. चिपळूणच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “कागद तुम्ही कसेही पुरे कराल. पण इंजिनाची घरघर, पायाखालचं हलणं, लोखंडाचे आवाज, अनोळखी माणसं, हे सगळं त्याला विमानतळावर पहिल्यांदा भेटता कामा नये.” हे सगळं एकत्र कुठे मिळेल? फेरीबोटीवर. मुंबईपर्यंत चार खाड्या-समुद्र ओलांडायचे, दर वेळी खंड्या क्रेटमध्ये, आणि मधल्या मुक्कामांना नातेवाइकांचा निरोप. दादा त्याची गाडी घेऊन मुंबईपर्यंत सोबत आला.

क्रेट पावसाळ्यापासून पडवीत होता. त्याचं माप कसं घ्यायचं हे आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, जिवंत प्राण्यांसाठीच्या नियमांत ठरलेलं आहे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतची लांबी आणि त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा, ती क्रेटची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उभं राहिल्यावर डोकं किंवा ताठ कान टेकणार नाहीत एवढी उंची. खंड्याचं ७५ आणि ३० सेंटिमीटर आलं, म्हणून क्रेट ९० सेंटिमीटरचा. जनावराला उभं राहता, वळता आणि नीट लोळता आलं पाहिजे, हा त्यामागचा अर्थ. कमी मापाचा क्रेट काउंटरवरून परत पाठवतात, आणि पाठवायलाच हवा.

पहिले काही आठवडे दार काढूनच ठेवलं होतं. आत त्याची थाळी, आईचं जुनं लुगडं. भाकरी आत, मासा आत, दुपारची झोप आत. मग दार लावलं पण उघडं ठेवलं. मग मिनिटभर बंद, मग जेवण होईपर्यंत बंद. कोणीही त्याला आत ढकलायचं नाही, हा लेकीचा कडक नियम होता आणि तिने तो घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याकडून पाळून घेतला.

निघताना आईने व्याडेश्वराचा अंगारा खंड्याच्या कपाळाला लावला, त्याला दहीभात घातला. मनी ओट्यावर बसून होती. मनी आमची मांजर, चौदा वर्षांची, मूत्रपिंडं थकलेली. तिला न्यायचं नाही हा निर्णय आम्ही डॉक्टरांशी बोलून घेतला. तिला घर म्हणजे ती पडवी, ते माजघर आणि आईची मांडी. तरण्या कुत्र्याला नवं घर माणसांच्या सोबतीने उभं करता येतं. थकलेल्या मांजरीला त्या प्रवासात घालणं आपल्या हौसेसाठी होईल. कोणी मला विचारलं की सगळ्या पाळीव जनावरांना न्यावं का, तर मी नाही म्हणेन. जनावराचं वय, तब्येत आणि स्वभाव बघून ठरवावं.

धोपाव्याच्या जेटीवर गाडी फेरीत चढली तेव्हा लोखंडी फळीचा दणका झाला आणि खंड्या थरथरायला लागला. ही फेरी २००३ पासून चालते. त्याआधी दाभोळला जायला वाशिष्ठी खाडीला चिपळूणवरून वळसा घालावा लागे, नाहीतर छोट्या होडीतून जायचं. आता दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण त्या मिनिटांत खंड्याने पाण्याला तोंड लावलं नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकत राहिला. लेक क्रेटच्या बाजूला बसली. कुरवाळलं नाही, बोलली नाही, फक्त तिथे बसली. दाभोळला उतरल्यावर शाही मशिदीच्या अलीकडे गाडी थांबवून त्याला फिरवलं. विजापूरच्या आदिलशाहीच्या काळातली ती मशीद, मागे माडांची रांग. तिथे तो एकदाचा पाणी प्यायला.

बुरोंडी, लाडघर, कर्दे करत संध्याकाळी हर्णैला पोचलो. बंदरावर मासळीचा लिलाव रंगात आला होता, समोर सुवर्णदुर्ग. हजार वासांनी खंड्याला आपण कुठे चाललोय याचा विसर पडला. आंजर्ल्याला मावशीकडे मुक्काम.

जेवणानंतर मावशीने फाइल बघायला मागितली. तिला एकच कळत नव्हतं : “कुत्र्याचं रक्त परदेशात कशाला पाठवलंत?” तिच्या लहानपणी वाडीतला एक मुलगा कुत्रं चावून गेला होता. त्याला पाणी बघवत नव्हतं, हे तिला अजून आठवतं. मी म्हटलं, मावशी, त्याच्यासाठीच. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यापासून येतो आणि जगात वर्षाला सुमारे ५९ हजार माणसं त्याने मरतात, असा जागतिक अंदाज आहे. आपल्या देशाचा त्यात मोठा वाटा. जर्मनीत हा रोग मुख्यतः कोल्ह्यांत होता. तिथे वर्षानुवर्षं विमानांतून लस घातलेली आमिषं जंगलांत टाकली आणि २००८ साली कोल्ह्या-कुत्र्यांच्या रेबीजपासून देश मुक्त झाल्याचं जाहीर झालं. एवढ्या कष्टाने घालवलेला रोग आमच्या खंड्याबरोबर परत जाऊ नये, ही काळजी रास्त आहे.

म्हणून क्रम ठरलेला असतो आणि तो उलटा चालत नाही. आधी मानेजवळ कातडीखाली १५ अंकी मायक्रोचिप, आयएसओ मानकाची. चिप बसल्यानंतर रेबीजची लस. खंड्याला दरवर्षी लस होत होती, पण ती चिपच्या आधीची असल्याने युरोपच्या हिशेबात धरता येत नव्हती, म्हणून सप्टेंबरात चिप आणि लस नव्याने. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. त्यातला द्राव वेगळा करून युरोपियन संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. रेबीजविरोधी प्रतिपिंडं मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरली पाहिजेत. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. ही थांबायची अट लोकांना सगळ्यात जाचक वाटते, पण तिला कारण आहे. लसीआधीच रोगाचा विषाणू अंगात शिरला असेल तर तो बहुतेक वेळा तेवढ्या काळात लक्षणं दाखवतो.

मावशी सगळं ऐकून म्हणाली, “मग हे आपल्याकडेच का नाही करत रे सगळ्या कुत्र्यांना?” करतात, गोव्याने केलंय. गोव्यात गावोगाव फिरून कुत्र्यांना सामूहिक लसीकरण झालं आणि माणसांचे रेबीजचे मृत्यू जवळजवळ थांबले. आंजर्ल्यापासून गोवा काही परदेश नाही.

गुरुवार : वेळास, बाणकोट, श्रीवर्धन

सकाळी निघताना आंब्यांना मोहर आणि हवेत गारवा. उन्हाळ्यात निघायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. तापलेल्या धावपट्टीवर क्रेट उभा राहणं जनावराला धोक्याचं असतं, आणि अनेक विमान कंपन्या त्या दिवसांत जनावरं घेतच नाहीत.

वेळासला खंड्याला गाडीतून उतरवलंच नाही. हे नाना फडणवीसांचं गाव, आणि आता ऑलिव्ह रिडले कासवांचंही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं आणि गावाने ते आपलं केलं. अंडी उकरून खाणाऱ्यांत कोल्हे असतात तशी मोकाट कुत्रीही असतात, म्हणून अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरतात. फेब्रुवारीत पिल्लं बाहेर यायला लागतात. आपला कुत्रा कितीही गुणी असला तरी अशा किनाऱ्यावर तो दोरीलाच हवा, खरं तर नकोच. लेक आणि मी आळीपाळीने जाऊन आलो, दादा खंड्यापाशी थांबला.

वेसवीला फेरीची वाट बघत होतो. समोर सावित्री खाडी, मुखाशी बाणकोटचा किल्ला. जेटीवरच्या एका आजोबांनी क्रेट बघून विचारलं, “वाघ बिघ हाय काय आत?” कुत्रा जर्मनीला चाललाय म्हटल्यावर ते खाली वाकले, जाळीतून बघितलं आणि म्हणाले, “गावठीच हाय की. मग तर बरा ऱ्हाईल. कुठंपन ऱ्हाईल.” मला हे फार बरं वाटलं. परदेशी नेतात ती लाखभराची जातिवंत कुत्री, असा समज आहे. वास्तविक चपट्या नाकाच्या जातींना, म्हणजे पग, बुलडॉग यांना, विमानात श्वासाचा त्रास होण्याची भीती असते आणि बऱ्याच विमान कंपन्या त्यांना सामानाच्या कप्प्यात घेत नाहीत. जर्मनीने पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर यांच्या आयातीवर बंदी घातली आहे. लांब नाकाचा, मध्यम बांध्याचा गावठी कुत्रा प्रवासाला चांगला.

बागमांडल्याला उतरेपर्यंत खंड्या उभाच होता, पण थरथर नव्हती.

श्रीवर्धनला आत्या. तिच्या वाडीत रोठा सुपारीची झाडं, मागल्या दारी पिंजऱ्यात पोपट. “ह्यालाही न्या,” ती हसत म्हणाली. मी तिला हळूच सांगितलं की हा पोपट नेणं तर सोडच, ठेवणंच बेकायदा आहे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट पाळता येत नाहीत. ती जराशी नाराज झाली. आणि मग तिने ते विचारलं जे वाटेत सगळ्यांच्या मनात होतं.

“वहिनीला गावात ठेवलंस आणि कुत्र्याला विमानात बसवतोयस?”

दादा काही बोलणार होता, त्याला मी थांबवलं. आई आमच्याबरोबर यायला तयार नव्हती. ती दादाकडे राहते, तिचं देऊळ, तिच्या मैत्रिणी, तिची मनी तिथे आहे. तरी प्रश्न टोचलाच. तेवढ्यात लेक म्हणाली, “आत्याआजी, आजीला आम्ही रोज फोन करणार. आम्ही कुठे आहोत, कधी येणार, हे तिला कळणार. खंड्याला कसं कळवणार?”

आत्या गप्प झाली. मला मात्र आमच्या आळीतलं एक घर आठवत राहिलं. घरची माणसं मुंबईला गेली, घराला कुलूप लागलं, कुत्रा राहिला. शेजारी भाकरी घालायचे, पण तो रोज तिन्हीसांजेला त्याच बंद दारापुढे येऊन बसायचा. पावसाळाभर बसला. कोकणात अशी घरं किती आहेत हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी येतात, पोरं पिल्लाला लळा लावतात, दूध-बिस्किटं घालतात, आणि सुट्टी संपली की गाड्या निघून जातात. मागे राहिलेलं पिल्लू रस्त्यावर गाड्यांमागे धावतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या ११ व्या कलमात जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत त्याला विनाकारण सोडून देणं हा गुन्हा सांगितला आहे. कायदा नसता तरी मला हेच म्हणायचं आहे : जे जनावर आपल्यामुळे आपल्यावर अवलंबून झालं, त्याची सोय हा आपल्या बिऱ्हाडाचा पहिला खर्च आहे. नेता आलं तर न्यावं. नाही आलं तर त्याला ओळखीचं, प्रेमाचं माणूस शोधून द्यावं, जायच्या आधी काही महिने त्याच्याकडे राहायची सवय लावावी. आईने मनीच्या बाबतीत तेच केलं आणि खंड्याच्या बाबतीत तीच आग्रही होती. “तो दारात तुझी वाट बघत बसला तर मला ते रोज बघावं लागेल,” हे तिचे शब्द.

सकाळी आत्याने खंड्याला घावन घातलं. पोपटाचं पुढे काय करायचं ते वनखात्याला विचारून बघते म्हणाली.

शुक्रवार : दिघी, मुरूड, रेवदंडा

दिवेआगरवरून दिघी, तिथून आगरदांड्याची फेरी. राजपुरीच्या खाडीत जंजिरा दिसायला लागला आणि सगळे फोटो काढायला कठड्याशी गेले. मी क्रेटकडे बघत होतो. खंड्याने एकदा अंग झटकलं, लुगड्यावर गोल फिरला आणि पाय पोटाशी घेऊन आडवा झाला. इंजिन घरघरत होतं, एक ट्रक मागे-पुढे होत होता, आणि तो झोपला. मी लेकीला हाक मारली नाही, खुणेने बोलावलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनोन्महिने तिने लावलेली सवय तिथे फळाला आली.

काशीद, कोर्लई मागे टाकून कुंडलिकेचा पूल ओलांडला आणि रेवदंड्याला मित्राकडे थांबलो. त्याने रात्री पोपटी लावली होती : वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, भांबुर्डीचा पाला घातलेलं मडकं, वर पेटलेला पेंढा. खंड्याला त्यातलं काही दिलं नाही. प्रवासाच्या तोंडावर त्याचा आहार बदलायचा नाही : उकडलेला भात आणि मासा, एवढंच.

मित्राची बहीण ऑस्ट्रेलियाला स्थायिक झाली. तिने तिची कुत्री अलिबागलाच ठेवली, आणि त्यावरून तिला अजून बोल लावले जातात. ते अन्यायाचं आहे. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा-मांजर घेतच नाही. आधी त्यांच्या मान्य यादीतल्या एखाद्या देशात जनावर न्यावं लागतं, तिथली मुदत आणि तपासण्या पुऱ्या कराव्या लागतात, आणि वर मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात क्वारंटाइन. नोकरदार माणसाला हे झेपत नाही. देशादेशांत एवढा फरक आहे. ब्रिटनला आमच्यासारखंच चिप, लस, रक्त, तीन महिने. शिवाय पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत फीतकृमीचं औषध डॉक्टरांकडून देऊन तशी नोंद, आणि विमानाने यायचं तर जनावर कार्गो म्हणूनच. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या जास्त धोक्याच्या देशांतल्या कुत्र्यांसाठी नियम कडक केले : चिप, लसीचं ठरावीक प्रमाणपत्र, सहा महिन्यांच्या वरचं वय, आणि उतरायचं तेही मोजक्या विमानतळांवर. व्हिसाचा विचार सुरू झाला त्याच आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर जनावराचे नियम वाचावेत. व्हिसा हातात आल्यावर वाचले तर तीन-चार महिने कमी पडतात. एका दलालाने आम्हाला “महिन्याभरात करून देतो” सांगितलं होतं. रक्ततपासणीच्या अटीत ते बसूच शकत नव्हतं, हे लेकीने त्याला तारखा मांडून दाखवलं.

शनिवार : मांडवा ते भाऊचा धक्का

मांडव्याची रो-रो मोठी. गाडी खालच्या मजल्यावर, माणसं वर. इथे पाळीव प्राण्यांना रीतसर येता येतं. खंड्याला थोडा वेळ दोरीला धरून बाहेर काढलं, वाऱ्याला तोंड करून तो उभा राहिला. तासाभरात मुंबई.

आजोबा याच धक्क्यावर उतरायचे. तेव्हा कोकणची बोट होती : गोव्याकडून निघालेली आगबोट बंदराबंदरांतून माणसं घेत यायची. दाभोळच्या पाण्यात पडावातून बोटीवर चढायचं, रात्रभर डेकवर वळकटी टाकून पडायचं, सकाळी भाऊचा धक्का. गिरणीत नोकरीला निघालेल्या त्या पिढीने गुरंढोरं, कुत्री, सगळं मागे ठेवलं. त्यांच्या हातात दुसरा पर्याय नव्हता. दादा म्हणाला, “आजोबांनी आपला वाघ्या गावी ठेवला होता. मरेपर्यंत त्याची गोष्ट सांगायचे.” ते मला माहीत नव्हतं.

गिरगावात चुलतभावाच्या खोलीत उतरलो. चाळीतली पोरं खंड्याभोवती जमली, तो निवांत. याच शहरात १८३२ साली इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता आणि दंगल झाली होती. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. जनावरांची काळजी घेणारी माणसं या शहराला नवी नाहीत.

सोमवार : शिक्के

केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध, म्हणजे क्वारंटाइन, कार्यालयात खंड्याला घेऊन गेलो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला इथलं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. फाइलमध्ये लसीचं पुस्तक, चिपचं प्रमाणपत्र, रक्ताचा अहवाल, खासगी डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, आमची पारपत्रं आणि तिकिटं. अधिकाऱ्यांनी यंत्र मानेवरून फिरवलं, चिप जरा खांद्याकडे सरकली होती, पण सापडली. आकडा न् आकडा अहवालाशी ताडला. लसीच्या पुस्तकात बॅच क्रमांकाचं लेबल आणि तारीख स्वच्छ आहे का, ते बघितलं. ज्यांच्या पुस्तकात तारखा घाईने खरडलेल्या आहेत त्यांनी त्या डॉक्टरांकडून आधीच नीट लिहून घ्याव्यात. युरोपचं प्रमाणपत्र इंग्रजी आणि जर्मन अशा दोन भाषांत, आणि ते दिल्यापासून दहा दिवसांत पोचायचं असतं. अधिकारी समजूतदार होते. निघताना त्यांनी लेकीला सांगितलं, “झोपेचं औषध द्यायचं नाही हं.” चिपळूणच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. गुंगीत श्वास आणि रक्तदाब मंदावतो, आणि वर आकाशात त्याच्याकडे बघायला कोणी नसतं.

मंगळवारची रात्र : विमानतळ

दुपारी हलकं खाणं. संध्याकाळी गिरगाव चौपाटीजवळ लांब फेरी. पाण्याचं भांडं बर्फ करून दाराला आतून अडकवलं, म्हणजे चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळतं. क्रेटला प्लॅस्टिकच्या खटक्यांऐवजी लोखंडी नटबोल्ट. वर “जिवंत प्राणी”च्या ठळक चिठ्ठ्या, बाण, त्याचं नाव आणि आमचा फोन.

काउंटरवर वजन झालं. मग खंड्याला बाहेर काढून रिकामा क्रेट तपासणी यंत्रातून गेला. गजबज, चाकांचे आवाज, उद्घोषणा. लेकीने दार उघडलं, बाजूला झाली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “खंड्या, घरात.” तो आत गेला, वळला, आईच्या लुगड्यावर बसला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, इथे कुत्रे आत जायला नकार देतात, मालक रडतात, खूप वेळ जातो. दादाने जाळीतून बोट घातलं, खंड्याने चाटलं. दादा पटकन वळून निघून गेला; त्याला रात्रीच गाडी घेऊन परतायचं होतं.

जनावरांचा कप्पा माणसांच्या केबिनसारखाच दाबाचा आणि उबदार असतो. तरी विमानात बसल्यावर हवाई सुंदरीला सांगून ठेवावं की खाली आपला कुत्रा आहे, कप्तानाला कळवा. तिने थोड्या वेळाने येऊन सांगितलं, चढलाय. त्यानंतरच मी पट्टा बांधला.

बुधवार : फ्रँकफर्ट

क्रेट मोठ्या सामानाच्या दारातून आला. भांड्यातलं पाणी अर्धं प्यायलेलं, लुगडं ओलं नाही. सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेत जाऊन कागद दाखवायचे असतात. हिरव्यातून निघून जायचं नाही. पशुवैद्यांनी चिप वाचली, रक्ताच्या अहवालावरची तारीख बघितली, तीन महिने मोजले, शिक्का मारला. घरी आईने सोळा सोमवारचं व्रत धरलं होतं ते या शिक्क्यासाठी.

बाहेर दोन-तीन अंश तापमान. पहिल्या गवताच्या पट्टीवर खंड्याने इतका वेळ पाय वर धरला की लेक हसून हसून वाकली. मग बायको आली. तिने हाक मारली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, जवळ गेला, हात हुंगला, आणि मग असा आवाज काढला जो आम्ही त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता.

आता कामं उरलीत. पालिकेकडे नोंद करून कुत्र्याचा वार्षिक कर भरायचा, इथल्या डॉक्टरांकडून युरोपचं पाळीव प्राण्याचं पारपत्र करून घ्यायचं आणि त्यात भारतात काढलेल्या रक्ताच्या तपासणीची नोंद चढवायची. ती तपासणी खंड्याला आयुष्यभर पुरते, पण रेबीजची लस मुदतीत होत राहिली तरच. एकदा मुदत चुकली तर पुन्हा कधी भारतातून युरोपात यायचं झाल्यास रक्त नव्याने द्यावं लागेल. पुढची लस सप्टेंबरात आहे. लेकीने फोनमध्ये गजर लावलाय, आणि आईने गुहागरला कालनिर्णयावर ती तारीख लिहून ठेवली आहे, मनीच्या लसीच्या तारखेखाली.